निवळलेली बियर

जलशुद्धीकरण केंद्रातून निवृत्त झालेल्या साहेबांना तिथली माणसं पाठीमागे ‘निवळी’ म्हणत. गढूळ पाणी निवळायला पूर्वी जे बी उगाळून घालत, त्याचं हे नाव. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पाण्यातला गाळ तळाला बसवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. ‘रंग नाही, वास नाही, चव नाही’ असा शेरा मारून खाली सही ठोकली की दिवस सार्थकी लागे. घरीही तोच खाक्या. चहा दोनदा गाळला जाई. वाडग्याचा तळ दिसत नाही म्हणून बायकोने केलेलं सूप एकदा स्वयंपाकघरात परत गेलं होतं, आणि त्यानंतर आठवडाभर सूपच काय, धड बोलणंही बाहेर आलं नव्हतं.

अशा माणसाच्या लेकीने गढूळ बियरचा कारखाना काढला.

कारखाना म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याची शेड. आत स्टीलच्या टाक्या, नळ्या, सदा ओली फरशी. पुढच्या खोलीत लाकडी काउंटर आणि चार बाकं. बियरला निवळीसाहेबांची हरकत नव्हती. अधूनमधून एखादा ग्लास ते स्वतःही घेत. हरकत होती दिसण्याला. लेकीची बियर म्हणजे संत्र्याच्या रसात कुणी पीठ कालवावं तशी. नातेवाइकांत विषय निघाला की ते म्हणत, “हो, बियर करते, छान चाललंय,” आणि घाईघाईने हवामानावर येत.

लेकीने एकदा चाखण्याचा कार्यक्रम ठरवला. एका साप्ताहिकात खाण्यापिण्यावर लिहिणारे एक गृहस्थ येणार होते. त्या धंद्यात त्यांना सगळे ‘नाकसाहेब’ म्हणत, कारण पिण्याआधी ते ग्लासात नाक इतकं खोल घालत की बाहेर येईल की नाही अशी धास्ती वाटे. तयारी ऐन रंगात आली आणि बाटल्या भरायचं यंत्र रुसलं. त्याचा सुटा भाग आणायला लेकीला परगावी जाणं भाग पडलं. टाक्यांपाशी थांबायला भरवशाचं माणूस म्हणून तिला बाबाच आठवले.

जाण्यापूर्वी तिने त्यांच्यासमोर दोन ग्लास ठेवले.

“बाबा, दोन्हींत एकाच हंड्यातला रस आहे. तेच धान्य, तेच हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणणारी फुलं. फक्त यीस्ट वेगळं. वास घ्या.”

साहेबांनी नाक पुढे केलं. “ह्यात केळं घातलंस. आणि लवंग.”

“दुसऱ्यात?”

“पीच. नाहीतर अननस. फळं महाग पडत नाहीत?”

“फळ एकही नाही, बाबा. हे सगळं यीस्टचं काम. ते रसातली साखर खातं, तिची दारू करतं आणि करता करता असे वास सोडतं. प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा. हे दुसरं तर हॉप्सचा रानटी वास धरतं आणि त्याचं पिकलं फळ करून ठेवतं.”

“आणि हा गढूळपणा?”

“थोडं यीस्ट, थोडा धान्याचा अंश. मुद्दाम ठेवलाय.”

“मुद्दाम!” साहेबांनी हा शब्द असा उच्चारला, जणू पोरीने एखादा गुन्हाच कबूल केला.

“एक घोट घेऊन तर बघा.”

“डोळे नाही म्हणतात तिथे मी जिभेला कसा पाठवू?”

लेक हसली. “बरं, नका पिऊ. मोठ्या टाकीच्या तापमानाकडे लक्ष ठेवा. आकडा आहे तिथेच राहू दे. दुसरं काही करायचं नाही.”

गढूळ द्रवाने भरलेल्या टाकीशेजारी निवळीसाहेबांना बसवायचं आणि काही करायचं नाही म्हणून सांगायचं, ही तिची चूक होती, असं पुढे तिच्या आईने स्पष्ट शब्दांत सांगितलं.

पहिला दिवस त्यांनी कसाबसा काढला. दुसऱ्या दिवशी नमुन्याच्या नळाखाली ग्लास भरला आणि खिडकीसमोर धरला, तर पलीकडचं काहीच दिसेना. हे ती चारचौघांत देणार? लोक तोंडावर हसणार नाहीत, पण बाहेर पडल्यावर? बापाला रोग कळतोय, औषध ठाऊक आहे, आणि त्याने हातावर हात ठेवून बसायचं? ते घरी गेले, बायको जेलीसाठी आणून ठेवायची ते बिनवासाचं, तरंगता गाळ तळाला ओढणारं जिलेटिन उचललं, कोमट पाण्यात विरघळवलं, टाकीत सोडलं आणि तापमानाचा काटा जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत खाली आणला. खूप दिवसांनी त्यांना हाताला काम मिळालं होतं. टाकीच्या बुडाचा नळ सोडून त्यांनी साका वाहून जाऊ दिला, तेव्हा ते चक्क गुणगुणत होते.

लेक आली ती सरळ टाकीकडे. ग्लास भरला आणि बघतच राहिली. पलीकडची खिडकी ग्लासातून स्वच्छ दिसत होती.

“बाबा, हे काय?”

“निवळलं!” साहेब म्हणाले. “तू एकटी धडपडतेस. म्हटलं, एवढं तरी आपल्या हातून व्हावं.”

ती रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने फक्त एक घोट घेतला, ग्लास त्यांच्या हातात दिला आणि आतून आधीच्या खेपेच्या शिल्लक पिंपातली गढूळ बियर आणली. “आता दोन्ही प्यायची. डोळे मिटून प्या हवं तर.”

त्यांनी आधी स्वतःची प्यायली. थंड, नेटकी, निर्मळ. मग खरोखरच डोळे मिटून दुसरी. तोंडभर काहीतरी पसरलं. साईसारखं मऊ, पिकलेलं, मागे किंचित कडवट. आणि घोट गिळल्यावरही गेलं नाही. त्यांनी पुन्हा घेतला. मग परत आपल्या ग्लासाकडे वळले आणि त्यांचा चेहरा पडला.

“ह्याला तर वासच नाही,” ते म्हणाले. “चवही नाही.”

“यीस्टने वास धरून ठेवले होते. ते तळाला गेलं, ते वासही घेऊन गेलं. मऊपणा गाळाबरोबर गेला.”

“आणि गाळ मी सोडून दिला.”

“हो.”

साहेब बाकावर बसले. आयुष्यभर जो शेरा त्यांनी अभिमानाने मारला होता, तोच आता त्यांच्या तोंडून शिवीसारखा निघाला होता. “पोरी, कार्यक्रम पुढे ढकल,” एवढंच त्यांना सुचलं. पण आमंत्रणं गेली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी लेकीने दोन्ही बियर मांडल्या. गढूळ मोजकीच, शिल्लक पिंपातली. निवळलेली मात्र भरपूर. नाकसाहेबांनी निवळलेली उचलली, नाक घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही.

“मौन,” ते अखेर म्हणाले. “हल्ली प्रत्येक बियर आरडाओरडा करते. ही बोलत नाही. ही ऐकते.”

लोकांनी माना डोलावल्या. ज्यांच्या हातात गढूळ ग्लास होते त्यांनी ते हळूच खाली ठेवले.

निवळीसाहेबांना राहवेना. “अहो, ती बोलत नाही, कारण बोलणारे सगळे मी गटारात सोडले. तुमच्या हातात उरलंय ते रिकामं घर.”

“तुम्ही केलीत ही?”

“मी बिघडवली!”

नाकसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “खरा कारागीर असंच बोलतो,” ते गहिवरून म्हणाले.

पुढच्या अंकात ‘मौनाची चव’ म्हणून पानभर लेख आला, वर साहेबांचा गोंधळलेला फोटो. केंद्रातल्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. निवळलेली बियर संपली, लोक ती मागायला पुन्हा येऊ लागले, आणि हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणं लेकीला परवडणारं नव्हतं. “बाबा, पुढची टाकी निवळायची आहे. याल ना?” असा तिचा फोन आला की साहेब नाइलाजाने जात. जिलेटिन सोडताना आता ते गुणगुणत नसत. टाकीकडे पाठ करून उभे राहत.

शेवटी त्यांनी एक अट घातली. कोपऱ्यातली छोटी टाकी त्यांना हवी होती, स्वतःची, आणि यीस्टही ते स्वतः निवडणार होते. लेकीने दिली. पहिली खेप चुकली. रस नीट गार न करताच त्यांनी यीस्ट सोडलं, त्याने उष्णतेने बावचळून भलतेच वास काढले. बियर दिसायला चिखल आणि वासाला ओले मोजे.

“ओतून देऊ?” लेकीने विचारलं.

“खबरदार! ती काहीतरी म्हणतेय.”

“काय म्हणतेय?” दारात उभ्या असलेल्या आईने नाकाला पदर लावून विचारलं.

साहेबांनी आणखी एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं झालं, तरी ग्लास खाली ठेवला नाही.

“ते अजून नीट कळलं नाही,” ते म्हणाले. “पण गप्प बसलेली नाही.”