इंदिरा कोणता फोन घेणार

इंदिराने अन्नपूर्णाला विचारल्याशिवाय आजवर कोणतीही मोठी वस्तू घेतली नव्हती. फ्रीज असो, मुलीच्या लग्नातला शालू असो, स्वयंपाकघराच्या टाइल्स असोत, आधी अन्नपूर्णाने हो म्हणायचं आणि मग दुकानदाराने. दोघी पुलगावच्या एका शाळेत शिक्षिका. अन्नपूर्णा मराठी शिकवायची, इंदिरा विज्ञान. वर्ध्याहून रोज सकाळच्या बसने दोघी सोबत निघत, दोघींच्या सीटवर बसत. देवळीपर्यंत इंदिरा बोलायची आणि देवळीनंतर अन्नपूर्णा. कंडक्टरही यांची तिकिटं सगळ्यात शेवटी फाडायचा, म्हणजे यांचं बोलणं तुटत नसे.

त्यामुळे त्या दिवशी इंदिरा म्हणाली, "अन्नू, मी नवा फोन घेऊन राह्यली, इलाजवळ आहे तसा," तेव्हा अन्नपूर्णाला पहिल्यांदा खटकलं ते वेगळंच. तिने 'घेऊ का' विचारलं नव्हतं.

इला ही जूनमध्ये रुजू झालेली गणिताची शिक्षिका. मूळची नाशिकची, वयाने बरीच लहान, वर्ध्यात खोली करून राहणारी, त्याच बसने येणारी. तिच्या फोनचं मागचं झाकण नखाने निघायचं. आतले स्क्रू साध्या पेचकसाने सुटायचे, बॅटरी हाताने बदलता यायची. कंपनीने घातलेली प्रणाली काढून आपल्याला हवी ती टाकता यायची. इलाने एकदा स्टाफरूममध्ये तो सगळा उघडून टेबलावर मांडला होता आणि चहा संपेपर्यंत परत जोडलाही होता. इंदिरा तेव्हापासून वेडी झाली होती.

"माह्या फोनले दोन वर्षं नाई झाले, तर कंपनी म्हणते नवा घ्या," इंदिरा सांगत होती. "आपल्या पैशाची वस्तू अन् आपल्यालेच उघडता येत नाई? हा फोन मी पोरांले प्रयोगशाळेत उघडून दाखवीन."

"कॅमेरा कसा आहे त्याचा?" अन्नपूर्णाने विचारलं.

"ठीकठाक. पण इला म्हणते—"

इला म्हणते! गेले दोन महिने प्रत्येक गोष्ट इला म्हणत होती. आता तिघींची सीट धरली जायची. इंदिरा मधे बसायची, आणि देवळी येवो की जावो, तिची पाठ अन्नपूर्णाकडे असायची. त्याहून जास्त झोंबायचं ते दुसरंच. इलाशी बोलताना इंदिरा 'मला' म्हणायची. "मला वाटतं," "मला दाखव ना." जन्मभर 'मले' म्हणणारी बाई! कान देऊन ऐकणाऱ्या अन्नपूर्णाला वाटायचं, आपल्या शेजारी कोणी परकीच बसली आहे.

त्या फोनमध्ये खोट काढायचीच, असं ठरवून अन्नपूर्णा घरी त्याच्याबद्दल वाचू लागली. काही सापडल्याही. तेवढ्या किमतीत दुसरा फोन जास्त चांगला येत होता. बँकेचं अॅप त्यावर कधी चालायचं, कधी रुसायचं. बिघडला तर अख्ख्या जिल्ह्यात दुरुस्ती केंद्र नव्हतं. पण वाचता वाचता तिला बाकीचंही कळत गेलं. लोक त्याला हॅक करता येणारा फोन म्हणतात, त्याचा अर्थ चोरीचा नाही. मालकाला तो उघडता येतो, बदलता येतो, एवढाच. उलट त्यात माइक बंद करायला वेगळं बटण होतं. वाईट म्हणजे तिला तो आवडायला लागला.

तिचे यजमान श्रीनिवास कलेक्टर कचेरीत कारकून. बायको मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली पाहून ते म्हणाले, "फोन तुले घ्याचा आहे की इंदिराले?"

"तुम्हाले काय कराचं आहे?" ती एवढी तडकली की ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

बसमध्ये तिने सगळ्या उणिवा एकेक करून सांगितल्या. इंदिराने शांतपणे ऐकल्या आणि म्हणाली, "हे सगळं इलाने मले आधीच सांगतलं."

आपण शोधून काढलेलंही त्या पोरीने आधीच सांगून टाकलेलं! त्या दिवशी दुपारी अन्नपूर्णा मुख्याध्यापकांकडे रजेच्या अर्जावर सही घ्यायला गेली. वासुदेवराव सर भला पण भित्रा माणूस. सही करून त्यांनी पेन ठेवलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, एक सांगू का? इला मॅडमचा फोन हॅक करता येणारा आहे म्हणे. त्या स्वतःच सांगतात."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. सर मात्र खुर्चीतून अर्धे उठले. "हॅक? मॅडम, अर्ध्या पोरांचे बाप डेपोत आहेत आपल्याकडे! दारूगोळ्याच्या गावात असला फोन?"

हॅकचा अर्थ काय, ते अन्नपूर्णाला आता माहीत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं.  ती रजेचा अर्ज घेऊन बाहेर आली.

सरांनी इलाला बोलावलं. ती बिचारी खरं बोलणारी. "हो सर, हॅक करता येतो, पण म्हणजे काय, की…" असं ती समजावत गेली आणि प्रत्येक वाक्यागणिक सरांचा चेहरा पडत गेला. फोन शाळेत आणायला बंदी झाली. संगणक कक्षाचं काम आणि निकाल भरायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. ती स्टाफरूममध्ये आली की लोक आपापले फोन पालथे घालू लागले. एका मॅडमनी तर पर्सची चेनच ओढली. इला मग मधल्या सुट्टीत ग्रंथालयात जाऊन बसू लागली.

आणि इंदिरा एक दिवस म्हणाली, "नाई घेत मी तो फोन. कशाले डोक्याले ताप?"

अन्नपूर्णा जिंकली होती. इला आता मागे एकटी बसायची, दोघींची सीट परत मिळाली होती. दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाने पहाटे उठून सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या. इंदिराचा जीव की प्राण. इंदिराने डबा उघडला, एक खाल्ली, छान झाल्या म्हणाली. मग उरलेल्या रुमालात बांधून उठली आणि मागे जाऊन इलाला देऊन आली. देवळी गेली तरी ती खिडकीबाहेरच पाहत होती.

पोटात असं दुखतं, हे अन्नपूर्णाने आजवर नुसतं वर्गात वाक्प्रचार म्हणून शिकवलं होतं.

इंदिरा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती सरांशी भांडायला गेली. हॅक म्हणजे काय, ते तिने फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. सर गोंधळले, आणि सुटका करून घ्यायला म्हणाले, "अहो, पण मला तर अन्नपूर्णा मॅडमनीच सांगितलं!"

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर इंदिरा उभी होती. बस लागलेली होती, तरी चढली नव्हती.

"अन्नपूर्णा मॅडम," ती म्हणाली, "मला तुमच्याशी बोलायचं आहे."

मॅडम. तुमच्याशी. मला. 

"तुम्हाला हॅक म्हणजे काय, ते माहीत नव्हतं?"

खोटं बोलायला जागा होती. नव्हतं माहीत, असं म्हटलं असतं तर इंदिराने विश्वास ठेवला असता. ठेवायचाच होता तिला.

"होतं माहीत," अन्नपूर्णा म्हणाली. "सगळं वाचलं होतं मी."

"मग काऊन केलं असं?" इंदिराच्या तोंडून नेहमीची बोली निसटलीच. पण उत्तराची वाट न पाहता ती बसमध्ये चढली आणि मागे इलाच्या शेजारी जाऊन बसली.

शनिवारी शाळा सुटल्यावर स्टाफची बैठक होती. स्नेहसंमेलनाचं बोलणं संपत आलं तशी अन्नपूर्णा उभी राहिली.  "इला मॅडमच्या फोनबद्दल मी सरांना अर्धवट सांगितलं," ती म्हणाली. "त्या फोनने कोणाचं काही चोरता येत नाही. मला ते माहीत होतं आणि मी मुद्दाम बोलले नाही."

"पण मुद्दाम कशाला, मॅडम?" सरांनी विचारलं.

"पोट दुखत होतं माह्यं," ती म्हणाली आणि खाली बसली.

कोणीतरी हसलं. इला हसली नाही. "तुम्ही मला विचारलं असतं, तर मी तुम्हालाही उघडून दाखवला असता," ती म्हणाली. तिच्या आवाजात गोडवा नव्हता, आणि अन्नपूर्णाला तेच बरं वाटलं. सोमवारपासून फोनवरची बंदी उठली आणि इलाचं काम तिला परत मिळालं. पर्सच्या चेनी सैल व्हायला मात्र दिवाळी उजाडली.

दिवाळीच्या सुट्टीत इंदिराने फोन मागवला. या वेळी तिने कोणालाच विचारलं नाही, इलालासुद्धा नाही. शाळा उघडली त्या दिवशी ती बसमध्ये इलाला म्हणत होती, "हा निळाच आवडला मले." ते 'मले' तीन सीट मागे बसलेल्या अन्नपूर्णाला स्पष्ट ऐकू आलं. दोघी हसल्या. अन्नपूर्णाच्या पोटात परत तीच कळ मारून गेली. शहाणपण आलं म्हणून काही दुखणं जात नाही.

बस देवळीला थांबली. काही उतारू उतरले. अन्नपूर्णाने पर्स उचलली, पुढे गेली आणि त्या दोघींच्या सीटपाशी दांडा धरून उभी राहिली. 

"दाखवता का मले?" तिने शेवटी विचारलं. इंदिराला नाही, इलाला.

इलाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे सरकली. सीट तिघींची होती. इंदिरा मात्र हलली नाही, त्यामुळे अन्नपूर्णाला कडेला अर्ध्यावरच टेकावं लागलं. इलाने आपला फोन तिच्या हातात दिला. "खालच्या कोपऱ्यात नख घाला. घाबरू नका, तुटत नाही."

अन्नपूर्णाने नख घातलं. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा झाकण निघून तिच्या मांडीवर पडलं.

"घ्याचा आहे का तुले?" इंदिराने समोर पाहतच विचारलं.

"माहीत नाई," अन्नपूर्णा म्हणाली. "तू सांग, घेऊ का?"

 बस सुटली, वेगात आली. मग इंदिरा थोडी आत सरकली आणि म्हणाली, "बँकेचं अॅप खरंच रुसते त्याच्यात. आधी विचार करजो."