खाऱ्या तळ्यातलं राजघराणं

"अगं, उपाशी ठेवलंस का माझ्या माशांना?" मी माझ्या धाकट्या बहिणीला सगळ्यांदेखत विचारलं.

जाळं ओढता ओढता तिने नुसतं वर बघितलं. मांडीपर्यंत चिखलात उभी, तरी बाईसाहेबांचे केस जागच्या जागी! लहानपणापासून हे असंच. पडायचो दोघी, गुडघे फुटायचे माझे आणि आई उचलून घ्यायची तिला. जळते मी तिच्यावर. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

आमच्या केंद्रात माशांच्या जोड्या लावतात. एका जोडीची पिल्लं म्हणजे एक कुटुंब. प्रत्येकाच्या पोटात तांदळाएवढी चिप. मग कुटुंबाची निम्मी पिल्लं माझ्या गोड्या तळ्यात, निम्मी धाकटीच्या खाऱ्या तळ्यात. हंगाम संपला की जाळं ओढायचं, चिपवर यंत्र फिरवायचं आणि कोण जगलं ते मोजायचं. दोन्हीकडे टिकेल त्याचाच वंश पुढे. बाकीचे बाजारात.

कुटुंबांना नुसते नंबर असतात, नावं आम्हीच ठेवतो. माझं लाडकं ते राजघराणं. अंड्यापासून मी वाढवलेलं, अंगाने भरलेलं, चपळ. माझ्या तळ्यात त्यातलं जवळजवळ कुणी दगावलं नव्हतं. एक कुटुंब किडकिडं, माझ्याकडे कसंबसं तगलेलं, त्याला मी रडके म्हणायची. आणि इथे बघावं तर यंत्र वाजलं की रडकेच! राजघराण्याचा पत्ता नाही.

"उपाशी नव्हते ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. पैदाशीचं सगळं त्याच बघतात. "तग धरण्याचा गुण आईबापांकडूनच येतो. पण गोड्या पाण्यात जो गुण तारतो, तो खाऱ्यात तारेलच असं नाही. तिथले पहिले इथे शेवटचेही येतात."

म्हणजे माझ्या हातचं सगळं बाजारात आणि हिच्या तळ्यातले रडके गादीवर! माझ्या तोंडाची चवच गेली.

डॉक्टरबाई पलीकडच्या बांधावर गेल्या, तशी धाकटीने मला पंपाच्या खोलीमागे ओढलं. तिथे एक टब, वर ओलं पोतं. तिने पोतं सारलं. आत गोड्या पाण्यात राजघराणं फिरत होतं, चांगलं धडधाकट.

"खारटपणा वाढला ना, तेव्हा गटांगळ्या खात होते गं. मला बघवेना. तुझा जीव यांच्यात."

"अगं ए शहाणे, चाचणीतला मासा बाहेर काढला की तो मेलाच धरतात. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. म्हणून तर म्हणते, गुपचूप जाळ्यात सोडते. कुणाला कळतंय?"

खोटं कशाला बोलू, जीव हरखला माझा. एवढे जिवंत धरले तर राजघराणं वाचत होतं. पण वाचणार कुणामुळे? हिच्यामुळे! आई जन्मभर ऐकवणार, बघ, धाकटी कसा जीव लावते. आणि मी तिला म्हटलं काय होतं, तर उपाशी ठेवलंस. चांगुलपणातसुद्धा हीच पुढे! नको मला तिचं दान.

"उचल टब," मी म्हटलं.

"ताई, अगं..."

"उचल म्हणते ना!"

दोघींनी दोन बाजूंनी धरून टब बांधावर आणला. "मॅडम, हे तळ्यातून काढलेले आहेत," मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी धाकटीकडे रोखून पाहिलं. यंत्र माझ्या हातात दिलं.

मोजताना एकीने पुकारायचं आणि दुसरीने तेच परत म्हणायचं, अशी आमची पद्धत आहे. मी पहिला मासा धरला. त्याने शेपटीचा असा फटका मारला की माझ्या तोंडावर पाणी उडालं. यंत्र वाजलं.

"राजघराणं. मृत," मी पुकारलं.

धाकटी तोंड फिरवून उभी होती.

"म्हण की गं."

"मृत," ती म्हणाली. रडत होती.

मी टबात परत हात घातला.