शून्यावरचा ओंकार

स्पीकरवर कुंकू.

संत्र्याच्या पेटीत चपलांचा ढीग.

अकोल्याला निघालेली एसटी.

डोकं फुगलेला, अंगठ्याएवढा एक डबा.

हुंऽऽऽऽ.

या शेवटच्या आवाजापायी वलगाव येडं झालं होतं.

कुंदन अपघातात गेला. त्याचा गाण्यांचा अ‍ॅम्प्लिफायर मागे राहिला. तेरवी आटोपल्यावर त्याच्या आईनं, गोदाबाईंनी, तो सुरू केला, तर गाणं न लावताच घुमू लागला. परतवाड्याहून नादनाथ महाराज जीपनं आले, पेटीला कान लावला आणि निदान केलं: मुलाचा आत्मा ओंकार म्हणतो आहे. निदानाला कान पुरला. अक्कल लागली नाही.

आज अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

"पाहा लेकहो!" महाराजांनी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. "पेन ड्राइव्ह नाही, मोबाईल नाही. आवाज झीरो! तरी पोरगा बोलून राहिला. काहून?"

"काहून?" शेजारचे डोमाजी भक्तीनं ओरडले.

"कारण आत्म्याले फ्रिक्वेन्सी हाय! ब्रह्मांडात व्होल्टेज हाय!"

मग पोटातलं ओठावर आलं. "कुंदन म्हणते, बायकोनं उंबरा ओलांडू नये. ते गेली, का आवाज गेला."

बायको, करिश्मा, दाराशीच उभी होती. तिला अकोल्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. सासूनं तिची बॅग कोठीत कोंडून किल्ली कमरेला खोचली होती.

"माह्या लेकाले दुसऱ्यांदा मारतं काय वं?" गोदाबाई म्हणाल्या.

करिश्मा वाद घालत बसली नाही. तिनं तिच्या जुन्या कॉलेजातल्या जयवंता मॅडमना बोलावलं. मॅडम फिजिक्स शिकवतात, आणि गोड बोलत नाहीत.

"महाराज, ते शून्य पुन्हा करून दाखवा."

महाराज खूश. बटण शून्यावर. हुंऽऽऽऽ.

"बस्स. गाण्याच्या वाटेनं शिरलेली घरघर या बटणानं कमी-जास्त होते. ही होत नाही. म्हणजे दोष वीज पुरवणाऱ्या भागात. तुमचा चमत्कार म्हणजेच तपासणी. फुकट केलीत, आभार."

"नास्तिक बाई!"

"डोमाजी, करिश्मा सांगत होती, तुमच्या घरी अस्साच अ‍ॅम्प्लिफायर आहे ना? आणा."

डोमाजींचा घुमत नव्हता. मॅडमनी दोन्हींचे प्लग काढले, आत साठलेली वीज बल्बातून उतरवली, झाकणं उघडली. कुंदनच्या पेटीत कपॅसिटर नावाचा डबा, डोकं फुगलेला. डोमाजींच्या पेटीतला सपाट. दोन्ही डब्यांची अदलाबदल करून सोल्डरचे टाके लावले.

सुरू केलं. कुंदनचा अ‍ॅम्प्लिफायर गप्प.

डोमाजींचा: हुंऽऽऽऽ.

"आत्मा तुमच्याकडे आला, डोमाजी. लावा दिवा."

"माह्याकडं काहून? काढा वो बाप्पा!"

अंगण हसलं.

"आत्मा प्रवासी असते..." महाराज सुरू झाले.

"मंग घाला जीपमंधी अन् न्या परतवाड्याले," करिश्मा म्हणाली.

मॅडमनी फुगलेल्या डब्यावर बोट ठेवलं. "पंपाचं पाणी हिसक्यांनी येतं, टाकी ते सारखं करते. विजेचेही सेकंदाला शंभर हिसके असतात, आणि ही त्यांची टाकी. ती आटली. हिसके स्पीकरमधून ऐकू आले. तुम्ही त्यांना नमस्कार केला."

गोदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी गप्प पेटीवर हात ठेवला. "मंग माहा कुंदन?"

"आई, तो याच्यात नव्हता," करिश्मा म्हणाली.

गोदाबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्या ओंजळीत टाकली. "जाय. पोचली का फोन करजो."

महाराजांची जीप तोवर गेली होती. उद्या ती दुसऱ्या गावात थांबेल. मेलेला माणूस जिवंत बाईला हुकूम सोडू लागला, तर हात जोडू नका. प्लग काढा आणि पेटी उघडा.

तो अ‍ॅम्प्लिफायर मागच्या दिवाळीतच घुमायला लागला होता. कुंदन तेव्हा जिवंत होता, आणि "बंद कर ते घुमणं" असं गोदाबाईच त्याच्यावर ओरडल्या होत्या.