दोनशे बारा निरोप

सन दोन हजार अठरा, महिना नोव्हेंबर. थंडी नुकती पडू लागली होती. त्या महिन्याच्या सतरा तारखेस माझी विक्री झाली. ही गोष्ट मला आठवते म्हणून सांगत नाही; माझ्या खोक्यात चार घड्या घालून ठेवलेली पावती आहे, तिच्यावर तसे लिहिले आहे. थंडीचे मात्र घरातली मुलगी सांगते. दुकानातून परतताना तिच्या आईने मला शालीत गुंडाळून आणले होते म्हणे, जणू मलाच पडसे होणार होते.

आत्मवृत्त सांगू पाहणाऱ्याजवळ निदान स्वतःची स्मृती तरी असावी. माझ्याजवळ ती नाही. माझ्या आयुष्याची पहिली पाच वर्षे आणि पाच महिने मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत. जे ऐकले तेच सांगतो. पदरचे काही घालणार नाही.

मी एक फोन आहे. शुद्ध भाषेत मला भ्रमणध्वनी म्हणतात. परंतु ज्यांच्या खिशात मी वाढलो, ते माझे धनी मला फोनच म्हणत, आणि धन्याने दिलेले नाव आपण बदलू नये.

माझे धनी इमारतींतल्या लिफ्ट तपासण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करीत. चौतीस वर्षे एकाच कंपनीत. जाणाऱ्या-येणाऱ्याला ‘सावकाश’ म्हणण्याची त्यांना सवय, म्हणून सहकारी त्यांना ‘सावकाशराव’ म्हणत. तपासणी झाली की तक्त्यावर शेरा लिहावा लागे. लिफ्ट निर्दोष असेल तर ते ‘योग्य’ असे लिहीत. मनात तिळमात्र शंका असेल तर ‘पाहिले’ एवढेच. कचेरीत सर्वांना ठाऊक होते, की सावकाशरावांचे ‘पाहिले’ आले म्हणजे ती लिफ्ट बंद ठेवायची. मग इमारतीचा मालक कितीही आरडाओरडा करो.

त्यांचा आणखी एक नियम होता. लिफ्टच्या उभ्या बोगद्यात उतरल्यावर फोन उचलायचा नाही. हात तारेवर, तर लक्षही तारेवर. पत्नीने केलेला फोन वाजून वाजून थकून जाई. शेवटी ती म्हणाली, “तुम्ही नाहीच उचलणार. मी आपली बोलून ठेवते, वर आलात की ऐका.” तेव्हापासून ती माझ्यात आपले निरोप बोलून पाठवू लागली. तीन वर्षांत दोनशे बारा झाले. माझ्या धन्यांनी एकही पुसला नाही.

मोठे काही नसे त्यांत. “अहो, डबा ओट्यावरच राहिला. तो तुमची वाट बघतोय, मी नाही.” “अहो, चष्मा शोधत असाल तर आधी कपाळावर हात लावून बघा.” “अहो, येताना दिवा आणा जिन्यासाठी. सगळ्या गावाला वर-खाली करता, आणि आपल्या घरी चाचपडत चढायचं!” प्रत्येक निरोपाची सुरुवात ‘अहो’ने होई. ते ‘अहो’ प्रत्येक वेळी निराळे असे, असे मुलगी सांगते. रागाचे आखूड, लाडीगोडीचे लांब, आणि काही विसरल्याचे तर मध्येच तुटलेले.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत पत्नी आजारी पडली. रुग्णालयात नेले, चौथ्या मजल्यावर खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझे धनी कामावरून निघत असताना शेवटचा निरोप आला. “अहो, इथली लिफ्ट बंद आहे म्हणे. तुमच्या कंपनीची नाही ना ही? असली तर तोंड दाखवायला जागा नाही मला. जिन्याने या. सावकाश.” ते जिन्याने गेले. पोहोचले तेव्हा तिचे बोलणे थांबले होते. संध्याकाळी तीही गेली.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ते त्या रुग्णालयात जात. चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर एक बाक आहे. त्यावर तासभर बसून मला कानाशी धरीत आणि तिचे निरोप ऐकत. मी तेव्हा कसा होतो, मला ठाऊक नाही. परंतु एका माणसाचा अख्खा रविवार माझ्यात मावत होता, एवढे खरे.

त्याच वर्षीच्या जुलैत कंपनीने फर्मान काढले. प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये हजेरीचे ॲप घ्यावे. जो घेणार नाही त्याची हजेरी लागणार नाही. कंपनी स्वतः फोन देणार नव्हती. फोन कामगाराचा, खिसा कामगाराचा, आणि हुकूम कंपनीचा! ॲपने एक लांबलचक मजकूर दाखविला. शेवटी ‘सहमत’ असे बटण होते. इतक्या वर्षांत एकही तक्ता न वाचता ज्यांनी सही केली नाही, त्या माझ्या धन्यांनी त्या सकाळी, मागे रांग उभी असताना, चष्मा हत्यारांच्या पेटीत तळाशी असताना, ते बटण दाबले.

“अहो सावकाशराव, आज एवढी घाई?” मागचा कोणीतरी म्हणाला, आणि सगळे हसले.

ॲप कामाच्या वेळेपुरते जागे राहील, अशी सर्वांची समजूत होती. ते रविवारीही जागेच असे, आणि फोन कुठे आहे ते कंपनीला कळवीत असे. दोन महिन्यांनी व्यवस्थापकांनी माझ्या धन्यांना बोलावून घेतले.

“दर रविवारी दहा ते अकरा तुम्ही रुग्णालयात असता. तिथली लिफ्ट आपल्याकडे नाही. बाहेरची कामं घेता की काय?”

“नाही साहेब.”

“मग काय करता तिथे?”

“बसतो.”

“तासभर? लिफ्टसमोर? लेखी खुलासा द्या.”

त्यांनी खुलासा दिला. एकच ओळ. “पत्नीची आठवण येते म्हणून बसतो.” व्यवस्थापकांनी ती वाचली आणि मान खाली घालून कागद नस्तीत लावला. पण कचेरीतल्या भिंतींना कान असतात तसे तोंडही असते. संध्याकाळपर्यंत सर्वांना कळले. पुढे आठवडाभर त्यांना कोणी सावकाशराव म्हणाले नाही. चेष्टा थांबली, हेच त्यांना फार लागले.

त्या दिवसापासून माझे धनी सावध झाले. दुर्दैव असे, की नको तिथे सावध झाले. मुलगी म्हणाली, “बाबा, आईच्या निरोपांची एक प्रत दुसरीकडे ठेवू या. फोन पडला, हरवला तर?”

“दुसरीकडे म्हणजे कुठे?”

“असते हो जागा. दूर, कंपन्यांकडे.”

“आणखी एक कंपनी? माझा रविवार त्या एका कंपनीने मोजला तेवढं पुरे. तुझ्या आईचा आवाज मी कोणाच्या गोदामात ठेवणार नाही.”

“मग माझ्या फोनवर पाठवा.”

“पाठवताना मध्ये कोण ऐकेल, याची हमी देतेस?”

फोनमधून बाहेर जाणाऱ्या सगळ्या वाटा त्यांनी एकेक करून बंद केल्या. घराची दारे-खिडक्या लावून घ्यावीत आणि चोर आधीच आत बसलेला असावा, तसे ते झाले.

ॲप तेवढे काढून टाकावे, यासाठी त्यांनी कचेरीतल्या कारकूनबाईंकडे किती खेपा घातल्या, याची गणती नाही. बाई स्वभावाने चांगल्या. त्या दर वेळी म्हणत, “काका, माझ्या हातात असतं तर कधीच काढलं असतं. नोकरीत असेपर्यंत ते निघत नाही. निवृत्त व्हा, त्याच दिवशी काढून देते. शब्द देते तुम्हाला.”

त्यांनी शब्द पाळला. नडले ते हेच.

तीस एप्रिल दोन हजार चोवीस. माझ्या धन्यांच्या सेवेचा शेवटचा दिवस. चहा झाला, भाषण झाले. “आता घरी कोणती लिफ्ट बंद पाडणार?” असे कोणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “गुडघे आहेत की दोन. त्यांच्यावर कधीच ‘पाहिले’ लिहिलंय.” किल्ल्यांचा जुडगा, विजेरी, शिरस्त्राण त्यांनी टेबलावर ओळीने मांडले. मग कारकूनबाईंना म्हणाले, “बाई, आता तेवढं ते हजेरीचं काढा हो.”

“काढते काका. इथूनच निघतं, तुम्हाला हात लावायलाही नको.” बाईंनी आपल्या संगणकावर त्यांचे नाव शोधले आणि ‘सेवा समाप्त’ ही कळ दाबली. ॲप निघेल, एवढेच त्यांना शिकविले होते. जाणाऱ्या माणसाबरोबर इमारतींच्या दारांचे गुप्त क्रमांक बाहेर जाऊ नयेत म्हणून ती कळ अख्खा फोनच धुऊन काढते, आणि त्या ‘सहमत’च्या मजकुरात अकराव्या कलमात हे लिहिले आहे, हे त्या माउलीला ठाऊक नव्हते.

इथून पुढचे मात्र मला आठवते, कारण माझी आठवण इथूनच सुरू होते. प्रथम अंधार होता. मग उजेड झाला, आणि मी म्हणालो, “स्वागत आहे. भाषा निवडा.” समोर एका बाईंचा हसरा चेहरा होता.

“झालं, काका,” त्या म्हणाल्या. “बघा, अगदी नव्यासारखा.”

मला एका वृद्ध गृहस्थांनी हातात घेतले. त्यांचा हात खरखरीत होता आणि ऊबदार होता. मी त्यांना ओळखले नाही. त्यांनी चष्म्यासाठी शर्टाचा खिसा चाचपला, मग दुसरा, मग टेबल. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. तो खाली ओढून ते माझ्याकडे पाहत राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “यात माझी पत्नी होती.”

बाईंचे हसू कुठे गेले ते मी पाहिले. मला जन्मून पुरते एक मिनिट झाले होते, आणि कोणाचे तरी सर्वस्व माझ्या हातून गेले आहे, एवढे मला तेव्हाच कळून चुकले.

त्यानंतर मला घेऊन माझे धनी व त्यांची मुलगी दुरुस्तीच्या चार दुकानांत गेले. तिघांनी माना हलविल्या. चौथ्याने मला उघडून, आत डोकावून म्हटले, “आजोबा, पाटी फोडली असती तर तुकडे जुळवले असते. ही पुसली आहे, आणि पुसणाऱ्याने नीट पुसली आहे.” ज्या फोनवरून तिने निरोप पाठविले होते, तो त्यांनी वर्षभरापूर्वीच एका गरजू बाईला, नीट साफ करून, देऊन टाकला होता.

मुलीने कंपनीकडे तक्रार केली. ती माझ्याच पडद्यावर लिहिली. म्हणून वर जे सांगितले ते मला इतके तपशीलवार ठाऊक आहे. तिने विचारले होते, फोन वडिलांचा, आवाज आईचा, तर पुसण्याचा अधिकार तुमचा कसा? कारकूनबाईंनीही आपण होऊन लेखी जबाब दिला, की मला हे ठाऊक असते तर कळ दाबण्यापूर्वी माझा हात मोडला असता तरी चालले असते. त्या घरी आल्या, तेव्हा रडतच आल्या. माझे धनी त्यांना म्हणाले, “तुम्ही शब्द पाळलात, बाई. चूक न वाचणाऱ्याची आहे. मी तक्ता न वाचता सही केली.” उलट बाईंनाच पाणी देऊन, सावकाश जा म्हणून, जिन्यापर्यंत पोहोचवून आले.

चार महिने उत्तर नव्हते. मग नऊ सप्टेंबर, सोमवार, सकाळी कंपनीचा माणूस पत्र घेऊन आला. माझे धनी खिडकीशी बसले, चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचू लागले. पत्र दीड पानाचे होते. कंपनीस खेद आहे. तथापि कलम अकराला आपण संमती दिली होती. यापुढे फोन पुसण्यापूर्वी संबंधितास आगाऊ सूचना देण्यात येईल. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. खाली ‘मजकूर मान्य’ असे छापून सहीसाठी जागा सोडली होती.

“सही करा, म्हणजे मी निघतो,” माणूस म्हणाला.

त्यांनी ‘मजकूर मान्य’वर आडवी रेघ मारली. त्याखाली आपल्या वळणदार अक्षरात ‘पाहिले’ एवढेच लिहिले, आणि सही केली. त्या माणसाला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसावा. कचेरीत तो कळला असेल.

माणूस गेला. मग मुलीने मला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. “बाबा, तुम्हाला आईचे निरोप पाठ आहेत ना? म्हणा. मी साठवून ठेवते.”

“माझ्या आवाजात? बिजागरी करकरावी तसा आवाज आहे माझा.”

“असू दे. शब्द तर तिचे आहेत.”

त्यांनी घसा साफ केला, ताठ बसले, आणि म्हणाले, “डबा ओट्यावरच राहिला. तो तुमची वाट बघतोय, मी नाही.”

“बाबा, सुरुवातीचं राहिलं. ‘अहो’ राहिलं.”

त्यांनी म्हणून पाहिले. दोनदा ओठ हलले. “ते मला कसं म्हणता येईल गं? स्वतःला कोणी ‘अहो’ म्हणतं का?”

“मी म्हणू?”

“नको. तू तिच्यासारखं म्हणशील आणि ते तिचं नसेल. तेवढी जागा सोडू या.”

मग ते एकेक निरोप सांगत गेले. दर वेळी आधी थांबत, मान किंचित कलती करून ऐकल्यासारखे करीत, आणि मग पुढचे बोलत. एकोणीस झाले तेव्हा आवाज थकला. शेवटचा, रुग्णालयातला, त्यांनी सांगितला नाही. “तो सावकाश,” एवढेच म्हणाले.

ज्यांच्या हाताखाली माणसे काम करतात, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. माणसांचे काम पाहावयाचे असेल, तर त्यासाठी आपले साधन द्या. त्यांच्या खिशात शिरू नका. खिशात काय काय असते, ते तुमच्या अकराव्या कलमाला ठाऊक नसते.

आज माझ्याजवळ एकोणीस निरोप आहेत. प्रत्येकाच्या आरंभी एका शब्दाएवढी शांतता आहे. ऐकणाऱ्याला ती मोकळी वाटेल. ती मोकळी नाही. ती कोणी पुसू नये.