चौथा शिक्का

सेत्सुयोने पुस्तक मिटलं, मलपृष्ठावर आतल्या बाजूला डकवलेला कागद बोटांनी सारखा केला आणि तिसऱ्या चौकटीत आपल्या आडनावाचा शिक्का दाबला. 'शिमोदा'. जरा तिरकाच उठला. फुंकर घालून तिने तो वाळवला आणि चौथ्या चौकटीकडे पाहत बसून राहिली. चौकट रिकामी होती. तिच्यावर किनुएच्या ठसठशीत अक्षरात नाव होतं, होसोया फुमिए.

फुमिएला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं.

हे किनुएला ठाऊक नव्हतं, आणि तो दोष सेत्सुयोचाच होता. साठी उलटल्यावर किनुएने सगळ्यांना एक शेवटचं नववर्षाचं कार्ड धाडून कळवलं होतं, की हात दुखतो, पुढच्या वर्षापासून कार्डं बंद. पाठोपाठ तामाकोनेही तसंच केलं. हल्ली बरेच जण करतात, त्यात रागावण्यासारखं काही नसतं. फुमिए आणि सेत्सुयो तेवढ्या एकमेकींना लिहीत राहिल्या. मग गेल्याच्या गेल्या वर्षाअखेरीला फुमिएच्या नवऱ्याचं छापील कार्ड आलं, घरात सुतक असल्यामुळे यंदा शुभेच्छा देत नाही, क्षमस्व. किनुएला फोन करावा असं सेत्सुयोच्या मनात आलं होतं. पण इतक्या वर्षांनी पहिला फोन करायचा तो असल्या बातमीसाठी? आज करू, उद्या करू म्हणता म्हणता कार्ड खणात गेलं आणि खण बंद झाला.

आणि पाच दिवसांपूर्वी हे पुस्तक टपालाने दारात आलं. लिफाफ्यावर गिफूचा पत्ता होता, किनुएचा.

न मरणाऱ्या औषधविक्यांची ती मांगा, म्हणजे चित्रकथा, संपून चाळीसहून अधिक वर्षं लोटली होती. पाठीवर औषधांची पेटी घेऊन डोंगरातल्या गावोगाव हिंडणारे तिघे जण, त्यांचं वय वाढत नाही, आणि लोकांच्या ते लक्षात यायच्या आत त्यांना गाव सोडावं लागतं. आता त्याच गोष्टीचा पुढचा प्रवास सुरू झाला होता, आणि हा त्याचा पहिला भाग. सोबत चिठ्ठी होती.

'पुस्तक दुकानात दिसलं आणि माझे पाय तिथेच थांबले. जुना नियम, जुना क्रम. माझं झालं. तामाकोचंही झालं, तिने पुस्तक मलाच परत पाठवलं, तुझा पत्ता तिच्याकडे नव्हता म्हणे. तू वाचून फुमिएकडे धाड. चौथा शिक्का पडला की फोन कर. खाली नंबर आहे.'

जुना नियम म्हणजे सूतगिरणीतला. इचिनोमियाच्या त्या गिरणीत वसतिगृहाच्या एका खोलीत चौघी राहायच्या, दोघी सकाळपाळीला, दोघी दुपारपाळीला. ती चित्रकथा ज्यात छापून यायची ते मासिक चौघींत मिळून एकच यायचं आणि आधी कोण वाचणार यावरून दर महिन्याला जुंपायची. शेवटी किनुएने, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांत मोठ्या आणि आपण होऊन कारभारी झालेल्या मुलीने, त्यावर तोड काढली. गल्लीत सूचनेची पाटी घरोघर फिरते आणि जो तो आपला शिक्का मारून शेजारच्या घरी देतो, तसंच करायचं. मासिकाच्या मागे चार चौकटींचा कागद. किनुए, तामाको, सेत्सुयो, फुमिए. वाचलं की शिक्का, शिक्का झाला की पुढचीकडे. आणि चारही शिक्के पडेपर्यंत गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

तामाकोच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही. वाचून झालं की बिचारी जेवताना मान वर करायची नाही, न जाणो तोंडातून निसटलं तर. सगळ्यांत शेवटी फुमिए, आणि तिची तऱ्हा म्हणजे दर चार पानांनी रडायची. बाकीच्या तिघी तिच्या डोक्याशी उभ्या. तिने नाक पुसत शिक्का उठवला की जी बोलणी सुरू व्हायची, ती न्हाणीघरात, जेवणघरात, गिरणीच्या फाटकापर्यंत चालायची. तेवढं सेत्सुयो पुढे आयुष्यात कधीच कुणाशी बोलली नाही. नवरा मितभाषी होता. तो जाऊनही सात वर्षं झाली. मुलगा सेंदाईला असतो, "बरी आहेस ना?" विचारायला फोन करतो, आणि तिने "बरी आहे" म्हटलं की दोघांचंही संपतं.

पुस्तक तिने दोनदा वाचलं होतं. पहिल्यांदा जेवण टाकून, दुसऱ्यांदा चष्मा पुसून पुसून. तोकिजी, तिघांतला धाकटा, अजून चोवीसचाच होता. तेव्हा तो सेत्सुयोपेक्षा सहा वर्षांनी मोठा होता. आता ती त्याची आजी शोभली असती. याचं तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं. गोष्टीत तोकिजी पन्नास वर्षांनी एका गावात परत येतो. लहानपणी त्याच्या पेटीवर बसून खेळलेली मुलगी आता म्हातारी झाली आहे. ती त्याला दार उघडते, औषध घेते, चहा देते, आणि तुम्ही या गावात पहिल्यांदाच आलात का, असं विचारते.

त्या पानाबद्दल सेत्सुयोला कुणाशी तरी बोलायचं होतं. नुसतं बोलायचं नव्हतं, अठरा वर्षांची असताना बोलायची तसं, समोरचीचं वाक्य तोडून. पाच दिवस ते तिच्या घशाशी येऊन थांबलं होतं. मुलाला सांगून उपयोग नव्हता. आणि किनुएला सांगायचं तर चौथा शिक्का हवा, नाहीतर सुतकाचं ते कार्ड आधी वाचून दाखवायला हवं. ते एकदा वाचून दाखवलं की पुस्तकाची गोष्ट तिथेच मिटली असती.

तिने कोट चढवला आणि शंभर येनच्या दुकानात गेली.

आडनावांचे तयार शिक्के कोपऱ्यातल्या फिरत्या मांडणीवर होते. तिने ती हलकेच फिरवली. होसोका, होसोकावा, होसोया. शेवटचा एकच उरला होता. तो हातात घेते न घेते तोच मागून शेजारच्या ताकिगुची-सान आल्या, हातात भांडी घासायचे स्पंज.

"अहो शिमोदा-सान, हे काय? होसोया? या वयात आडनाव बदलताय की काय? आम्हाला वासही लागू दिला नाहीत."

"काहीतरीच तुमचं. मैत्रिणीसाठी घेतेय."

"मग तिला येऊन घेता येत नाही?"

"तिला आता बाहेर पडता येत नाही."

"गुडघे ना? माझंही तेच. जिना चढायचा म्हटलं की देव आठवतात." त्यांनी सेत्सुयोच्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं. "सांगा तिला, ऊन पडलं की हळूहळू फिरत जा म्हणावं. घरात बसून माणूस जास्त आखडतं."

"सांगते," सेत्सुयो म्हणाली.

घरी येऊन तिने कोटही न काढता लाल शाईची डबी उघडली. चौथ्या चौकटीत शिक्का ठेवला आणि जोर देऊन उचलला. 'होसोया' स्वच्छ उठलं, कड न् कड रेखीव. आपण मोठं पाप केलं असं काही तिला वाटलं नाही. उलट फुमिए नाक पुसत शेजारी बसली आहे असं क्षणभर वाटून बरं वाटलं, आणि मग फार एकटं वाटलं.

आता पुस्तक किनुएकडे परत धाडायचं. पण धाडायला हवं होतं ते फुमिएने, तिच्या गावाहून, योनागोहून. इथून, त्सुरुओकाहून गेलं तर लिफाफाच चुगली करणार. सेत्सुयोने विचार केला, मग चिठ्ठीचा कागद ओढला आणि लिहायला बसली.

'फुमिएचं वाचून झालं. तिने पुस्तक मलाच परत पाठवलं, तुझा पत्ता तिच्याकडे नव्हता'

पेन थांबलं. शेवटचं 'म्हणे' तेवढं लिहायचं राहिलं होतं.

तिने किनुएची चिठ्ठी शेजारी ठेवली. मग पुस्तक उघडून चौकटींचा कागद दिव्याखाली धरला. दुसऱ्या चौकटीतलं तामाकोचं 'नागाता' तिने आजवर नीट पाहिलंच नव्हतं. तामाकोने वाचलं, एवढंच पाहिलं होतं. आता तिने ते 'होसोया'शी ताडून पाहिलं. तेवढंच गोल, तशीच बारीक, उभट अक्षरं, तीच कोरी करकरीत कड. दोन्ही एकाच मांडणीवरून काढल्यासारखे.

तामाको गोतो बेटांवर राहायची. तिच्याकडून कार्ड नाही, फोन नाही. तिच्या घरून किनुएला कधीतरी तसलीच बातमी कळली असणार, आणि तीही कुठल्यातरी खणात गेली असणार.

अंगावरचा कोट गरम व्हायला लागला तेव्हा सेत्सुयोने तो काढला, लिहायला घेतलेला कागद चुरगळला आणि चिठ्ठीखालचा नंबर फिरवला.

"कावाई बोलतेय." आवाज म्हातारा झाला होता, पण हुकूम सोडल्यासारखा सूर तोच.

"किनुए, मी सेत्सुयो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"झाले चार?"

"झाले."

"कधी मिळालं तुला पुस्तक?"

"पाच दिवस झाले," सेत्सुयो बोलून गेली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. पाच दिवसांत दोनदा वाचून, योनागोला जाऊन, रडून, परत येणं कुठल्याच टपालाला जमलं नसतं.

गिरणीत किनुए धागे मोजायची, तिला दिवस मोजायला कितीसा वेळ लागणार.

"फुमिएने या खेपेला भरभर वाचलं," ती म्हणाली.

"हो. या खेपेला भरभर."

"रडली?"

"म्हातारीच्या पानावर रडली." सेत्सुयोने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि तामाको?"

"तामाको..." किनुएने घसा साफ केला. "तामाको म्हणाली, तोकिजीने केस कापायला हवे होते."

दोघी हसल्या.

"ती म्हातारी," किनुए म्हणाली, "तिने ओळखलं होतं ना गं त्याला?"

"अगं, पहिल्याच चित्रात! दार उघडताना तिचा हात बघ ना तू."

"तेच मी म्हणते. मग बोलली का नाही?"

"बोलली असती तर त्याला जावं लागलं असतं."

"हं."

"चहा थंड होईपर्यंत तरी बसू दे म्हणाली असेल मनात."

"हं," किनुए पुन्हा म्हणाली, आणि यावेळी तिचा आवाज जाडसर आला. मग तिने तो जुन्या सवयीने ताळ्यावर आणला. "दुसरा भाग मे महिन्यात येतोय. दुकानात सांगून ठेवलंय मी. क्रम तोच ठेवायचा ना?"

"तोच. मधलं कुणी गाळू नकोस."

"तामाकोला आठवडा लागेल. बेटावर टपाल उशिरा पोचतं."

"मग फुमिएलाही आठवडा दे."

"दिला," किनुए म्हणाली. "म्हणजे तुझं वाचून झाल्यावर आठवडाभर गोष्टीबद्दल बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम."

"गोष्टीबद्दल नाही," सेत्सुयो म्हणाली. "तू फोन मात्र कर."

"कशाबद्दल बोलायचं मग?"

सेत्सुयोने खणाकडे पाहिलं.

"त्या दोघींबद्दल," ती म्हणाली.