शेजारच्या तुकड्यातला कागद

“थर्झा बॉस्टनच्या साप्ताहिकात कथा लिहिते म्हणे, नाव न घालता. आणि त्या कथांमधून आपल्या सगळ्यांची—”

ऑर्फा मावशी एवढं बोलल्या आणि दार वाजलं. शेजारची थर्झाच आली होती. पुढचं वाक्य मावशींच्या तोंडातच राहिलं आणि माझा जीव टांगणीला लागला.

मी गोधडी ताणायची चौकट. मेपलच्या चार पट्ट्या आणि खुंट्या, बस्स. केझाया प्रॅटच्या नवऱ्यानं लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मला बनवलं. पण राहिले मी गावभर, आज या घरी तर उद्या त्या घरी, उसनी. बायका माझ्याभोवती बसतात, हात चालतात आणि तोंडंही. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची सून माहेरी गेली, सगळं मला आधी कळतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

त्या दिवशी केझायाच्याच घरी माझ्यावर थर्झाच्या भाचीच्या लग्नाची गोधडी चढली होती. तळहाताएवढ्या षटकोनी तुकड्यांची. असे तुकडे जोडताना पाठीला कागद धरतात, म्हणजे कोपरे नीट येतात. मग ते कागद आठवणीनं काढायचे. थर्झानं आपल्या लिखाणाची खराब झालेली पानं कापून वापरली होती. तिची नजर अधू. दोन कागद आतच राहिले.

केझायाची सुई टोचली आणि आवाज आला, कर्र.

“अगं बाई, कागद! नवरीला गोधडी देतेयस थर्झा, की वाण्याचं पुडकं?”

सगळ्या हसल्या. थर्झा मात्र पांढरी पडली. “मी काढते, मी काढते,” ती म्हणेपर्यंत ऑर्फा मावशींनी टाके उसवून कागद चष्म्यापुढे धरलासुद्धा.

“‘शेजारीण दोरीवरचे माझे कपडे रोज मोजायची. जेवढे कमी, तेवढा तिला…’ इथंच कापलाय मेला!”

कपडे कोण मोजतं ते गावाला ठाऊक होतं. एकीनं हसू दाबलं, आणि ते केझायानं पाहिलं.

“तेवढा तिला काय? आनंद, हेच ना? माझ्या घरात, माझ्या चौकटीवर माझाच तमाशा!”

“केझाया, पुढचं ऐक तरी—”

“छापून आण. सगळ्यांबरोबर वाचीन.”

पुढचा कागद लगतच्या तुकड्यात होता. तो तुकडा माझ्या पट्टीभोवती गुंडाळलेला, अक्षरं माझ्या अंगाला टेकलेली. मला ते शब्द कळले होते. माझी डावी खुंटी एरवी दिवसातून चारदा निसटते. तेव्हा एकदा निसटली असती, तर गोधडी उलगडली असती आणि तो कागदही हाती लागला असता. मी ती घट्ट आवळून धरली. का, तर भांडण रंगलं होतं. दुसरं काही कारण नाही.

थर्झा निघून गेली. थोड्याच वेळात तिच्या धुराड्यातून कागदाची काळी राख उडताना खिडकीतून दिसली. त्यानंतर साप्ताहिकात तिची कथा आली नाही. केझायानं रागानं मला गोधडीसकट माळ्यावर टाकलं. मधे एकच अंगण, पण नऊ वर्षं दोघी बोलल्या नाहीत. मला उसनी मागायलाही कोणी आलं नाही, ते बरंच झालं. कुठल्या तोंडानं गेले असते?

परवा केझाया लेकीकडे कायमची राहायला जायचं म्हणून सामान काढत होती. मला खाली आणून गोधडी उलगडली. कर्र. तिनं तिथले टाके उसवले, उभ्याउभ्या कागद वाचला आणि धुळीच्या हातांनीच थर्झाला ओढून आणलं.

“‘…घोर लागायचा. मी अंथरुणात आहे हे तिला दोरीवरून कळायचं. मग काही न विचारता रश्शाचं भांडं दारात ठेवून जायची.’ ही मी?”

“तूच.”

“मग आमची टर उडवतेस असं सगळ्या म्हणत होत्या, ती कुठं?”

“त्याच्या पुढच्या पानावर. तुझ्या रश्शात मीठ किती असायचं, त्यावर अख्खं पान होतं.”

केझाया डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “आण ते पान.”

“जाळलं. सगळीच जाळली.”

“मग पुन्हा लिही.”

“आता नाही गं येत,” थर्झा म्हणाली.

मला उसनी न्यायला आलात, तर हे सगळं ऐकून मग न्या. शक्यतो नेऊच नका.