तौसीफचा चेंडू शिंगणापूरला जाऊन आला तेव्हा

"आता जे सांगतो, त्याच्यावर कुनाचा बाप इस्वास ठेवनार न्हाई," बन्सीबापूंनी भेळेचे हात धोतराला पुसले, "आन् ठेवूबी नका."

जामखेडच्या कॉलेजच्या मैदानावर दर साली तौसीफच्या नावाने बास्केटबॉलची मॅच व्हायची. डेंग्यूने गेला तेव्हा पोरगा शेवटच्या वर्षाला होता. उंच इतका, की वर्गाच्या दारातून वाकून आत यायचा आणि मास्तरांना वाटायचं, काय नम्र पोर आहे! मॅचआधी त्याचे चाहते रिंगखाली जमून त्याच्या नावावर थापा मारायचे. रिंगला जाळी म्हणून कांद्याची गोणी. रडायला बंदी. म्होरके अर्थात बापू, ज्यांची भेळेची गाडी, चाकाला बांधलेल्या शेळीसकट, मैदानाच्या कोपऱ्यावरच असायची.

यंदा मात्र तौसीफच्या थोरल्या भावाने, फैयाजने, सकाळीच बातमी आणली. "अम्मी येतीय, बापू. म्हनली, माज्या लेकाचा तमाशा लावलाय, आज बंदच करून येते."

बापू रिंगखाली धावले. तिथे पोरांनी हौसेने तौसीफच्या फोटोला हार घालून पुढे नारळ फोडलेला.

"आरं, त्यांच्यात हे करत न्हाईत! दर साली वरडतो मी!"

हार घाईघाईने रेफरीच्या गळ्यात गेला. नारळ सगळ्यांनी मिळून खाल्ला आणि पुरावा संपवला.

तौसीफच्या आई अख्तरीभाभी आल्या आणि बाकावर बसल्या. चेहऱ्यावरची एक रेघ हलेना. भाभी 'बंद' म्हणाल्या की बंद, असा शब्द बापूंनी फैयाजला दिला होता. आज थाप फसली, तर पुढच्या साली इथे तौसीफचं नावही निघणार नव्हतं.

"पारनेरसंगं फायनल," बापूंनी आवाज चढवला. "एका पॉइंटानं आपन मागं. तौसीफनं मधनंच चेंडू फेकला. गेला की वर! दिसंनाच! पारनेरवाले हसाय लागले. रेफरीनं च्या मागवला, पिऊन कपबी इसळला. तवर आला खाली, आन् तेलानं थबथबलेला! शनीच्या शिंगणापुरावरनं आल्ता ना. तितं वाटंत जे गावंल त्याच्यावर लोक तेल वततात. मग काय, गोनीतनं सुर्रकन खाली! पारनेरवाले म्हनले, फाउल. रेफरीनं चेंडू हुंगला. म्हनला, देवाचं तेल हाय, माज्यानं फाउल देववत न्हाई."

पोरं लोळली. भाभींनी नुसती ओढणी सारखी केली.

थाप आभाळात जाऊन आली तरी माउली हलेना. मग बापूंनी ठरवलं, आता आईचीच तारीफ करायची. बाईमाणूस सैपाकाच्या कौतुकानं विरघळतंच, अशी त्यांची जुनी समजूत.

"आन् एवढी ताकद कुटनं आली म्हंता? भाभींच्या हातचा दोडका! दुपारी माज्या गाडीपाशी बसून डबा उघडायचा, आन् सगळा दोडका चाटूनपुसून..."

"झूट!"

भाभी उभ्याच राहिल्या. रेफरीने गळ्यातला हार मुठीत लपवला.

"साफ खोटं, बन्सीभाऊ! दोडका त्यानं जन्मात तोंडात घातला न्हाई. डबा तुमच्या शेळीला चारायचा आन् सोता भेळ हानायचा. मला काय ठावं न्हाई व्हय?" बोलता बोलता भाभींनी ओढणी तोंडाशी धरली, पण हसू काही त्यात मावेना. "पुढल्या साली सांगताना शेळीचं नाव आलंच पायजे, सांगून ठेवते!"